आधी पंधरा दिवस, मग दत्तक

‘एकदा विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही.’ ही पाटी वाचतच आपण लहानाचे मोठे झालो. त्यामुळे समोरचा माणूस आपणहून ‘नाही जमलं तर परत आणून द्या’ म्हणाला, की आधी त्याच्या हेतूचीच शंका येते. रस्त्यावरून वाचवलेल्या कुत्र्यांसाठी घरं शोधणाऱ्या संस्था आणि कार्यकर्ते मात्र बऱ्याचदा असंच म्हणतात. कुत्रा पंधरा दिवस घरी न्या. जमलं तर दत्तकपत्रावर सही करा, नाही जमलं तर आमच्याकडेच परत द्या. या कामातली माणसं याला ‘ट्रायलवर देणं’ म्हणतात, कुणी ‘फॉस्टर टू अ‍ॅडॉप्ट’ म्हणतं.

ऐकायला हे खटकतं. जीव म्हणजे काय चप्पल आहे, घालून बघितली, चावली म्हणून दुकानात नेऊन दिली? प्रश्न रास्त आहे. पण ट्रायल नसते तेव्हा काय होतं, तेही बघायला हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, मुलं हट्ट धरतात, रविवारी कुत्रा घरी येतो. बुधवारी शेजारच्या काकू सांगतात, तुम्ही सगळे बाहेर पडलात की हा दिवसभर रडतो. ज्यांनी कुत्रा दिला त्यांना हे कळवायची लाज वाटते, कारण ‘कायमचा सांभाळू’ असं लिहून दिलेलं असतं. मग कुत्रा बाल्कनीत बांधला जातो. महिन्याभराने कुणी विचारलं तर ‘गावाला शेतावर पाठवला’ असं उत्तर मिळतं. त्या शेतावर पुढे त्याचं काय झालं, हे बघायला कुणी जात नाही. परत करण्याचा उजळ माथ्याचा रस्ता बंद केला, की लोक चोरवाटा शोधतात.

तेव्हा ट्रायल असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. घोळ होतो तो ती कशासाठी असते, याबद्दल. बहुतेक घरांत हे पंधरा दिवस कुत्र्याचा स्वभाव जोखण्यात जातात. गुणी आहे का, मस्तीखोर आहे का, लळा लावतो का. आणि नेमकं तेच पंधरा दिवसांत धड कळत नाही. कळतं ते हे, की आपली माणसं, आपलं वेळापत्रक आणि आपली इमारत यांच्यात कुत्र्याला जागा आहे की नाही. कुत्रा पुढचे सहा महिने बदलतच राहणार असतो. चौथा मजला, दहा तासांची नोकरी आणि आजींचा दमा बदलणार नसतो.

घर कुणाला हवं असतं?

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. त्यांतली पावणेतेरा लाख महाराष्ट्रात होती. एवढ्या सगळ्यांना घरं मिळणार नाहीत, आणि सगळ्यांना ती हवी असतात असंही नाही. गल्लीत वाढलेला, चार घरची पोळी खाऊन दुपारी किराणा दुकानाच्या पायरीवर ताणून देणारा पाच-सहा वर्षांचा कुत्रा घ्या. त्याच्या कानाला खाच असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे. त्याला स्वतःचा इलाखा आहे, सोबती आहेत, ओळखीची माणसं आहेत. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांची मूळ दिशाही हीच आहे, की नसबंदी आणि रेबीजची लस झाल्यावर कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा. असा कुत्रा दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेला, तर उपकार नक्की कुणावर झाला हे सांगणं अवघड जातं.

घराची खरी निकड असते ती जे रस्त्यावर परत जाऊ शकत नाहीत त्यांना. अपघातात पाय गेलेली, आंधळी, म्हातारी कुत्री. मालकाने घर बदलताना सोडून दिलेले लॅब्रेडॉर आणि पग, ज्यांना रस्ता कसा ओलांडतात हेही ठाऊक नसतं. आणि आई नसलेली पिल्लं. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने ९५ वेतांमधल्या ३६४ पिल्लांचा माग ठेवला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार प्रजननाच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण सात महिन्यांपर्यंत, जेमतेम १९ टक्के पिल्लं जगली. मेलेल्यांपैकी ६३ टक्के पिल्लांच्या मरणामागे या ना त्या प्रकारे माणूस होता.

दत्तक शिबिरात गर्दी पिल्लांभोवती असते. ट्रायलचा उपयोग मात्र मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत जास्त. दोन वर्षांच्या कुत्र्याची उंची, ताकद, धावायची हौस डोळ्यांसमोर असते. दोन महिन्यांचं पिल्लू पंधरा दिवस सांभाळून कळतं ते एवढंच, की रात्री किती वेळा उठावं लागतं. ते मोठं होऊन कसं निघेल याचा अंदाज त्यातून बांधता येत नाही. ज्यांना पहिल्यांदाच कुत्रा पाळायचा आहे आणि घरात दिवसभर कुणी नसतं, त्यांनी पिल्लाचा मोह टाळून तीन-चार वर्षांच्या शांत कुत्र्याची चौकशी करावी.

पिंजऱ्यातला कुत्रा आणि घरातला कुत्रा

निवारा केंद्रात जाऊन, पिंजऱ्यासमोर दहा मिनिटं उभं राहून कुत्रा निवडता येत नाही का? निवडतात लोक. पण तिथे दिसतो तो घाबरलेला कुत्रा. अमेरिकेत ओहायोमधल्या राइट स्टेट विद्यापीठातले मायकेल हेनेसी यांनी १९९७ साली निवारा केंद्रातल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताण वाढला की वाढणारं संप्रेरक, मोजलं. केंद्रात येऊन तीनच दिवस झालेल्या कुत्र्यांमध्ये ते जुन्या कुत्र्यांपेक्षा बरंच जास्त होतं. चहूबाजूंनी भुंकणं, अनोळखी वास, सिमेंटची फरशी. अशा ठिकाणी काही कुत्री अंगावर धावून येतात, काही कोपऱ्यात तोंड घालून बसतात. दोन्ही वागण्यांवरून घरातल्या वागण्याचा अंदाज बांधणं धोक्याचं असतं.

निवारा केंद्रांनी यावर तोडगा म्हणून स्वभावचाचण्या काढल्या होत्या. जेवताना कुत्र्याच्या थाळीत काठीला लावलेला प्लास्टिकचा हात घालायचा, अनोळखी माणसाला पुढे आणायचं, बाहुली दाखवायची आणि प्रतिक्रिया नोंदवायची. गॅरी पॅट्रोनेक आणि जॅनिस ब्रॅडली यांनी २०१६ साली या चाचण्यांचं गणित मांडलं आणि निष्कर्ष काढला, की पुढे घरात कुत्रा आक्रमक होईल की नाही हे सांगण्यात त्या छापा-काट्याहून फारशा सरस नाहीत. घरातलं वागणं बघायचं तर ते घरातच बघावं लागतं, हा ट्रायलमागचा पहिला शास्त्रीय आधार.

दुसरा आधार कुत्र्याच्या बाजूचा आहे. ‘आज इथे, उद्या तिथे’ केल्याने त्याला त्रास होत नाही का? अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या लिसा गंटर आणि क्लाइव्ह विन यांच्या गटाने हे तपासलं. पाच निवारा केंद्रांमधल्या २०७ कुत्र्यांना एक-दोन रात्रींसाठी घरी पाठवलं आणि आधी, घरी असताना आणि परत आल्यावर लघवीतलं कॉर्टिसोल मोजलं. घरी ते उतरलं, सलग विश्रांतीचा वेळ वाढला. केंद्रात परतल्यावर कॉर्टिसोल पुन्हा वाढलं, पण पूर्वीच्या पातळीपर्यंतच, त्याहून वर गेलं नाही. म्हणजे घर बघून परत आलेला कुत्रा आधीपेक्षा जास्त खचतो, ही भीती निदान या मोजमापात तरी दिसली नाही. याच गटातल्या संशोधकांनी २०२३ साली ५१ केंद्रांमधल्या १,९५५ कुत्र्यांची माहिती मांडली. केंद्रातून जेमतेम काही तास फिरायला नेलेल्या कुत्र्यांना कायमचं घर मिळण्याची शक्यता पाचपट आणि एक-दोन रात्री कुणाच्या घरी राहून आलेल्यांची चौदापट जास्त निघाली. ज्याच्या घरी राहिला त्यानेच ठेवला पाहिजे असं नाही. चार नव्या लोकांनी त्याला बघितलं, फोटो काढले, ओळखीत सांगितलं, याचाही तो परिणाम असतो.

हे आकडे अमेरिकेतले आहेत. आपल्याकडची निवारा केंद्रं त्याहून दाटीची, आणि बरीचशी कामं संस्थेच्या पिंजऱ्यात नव्हे तर कुणा कार्यकर्तीच्या दोन खोल्यांमध्ये चालतात. तिच्याकडे आधीच सहा कुत्री आणि चार मांजरं असतात. पंधरा दिवसांसाठी एक कुत्रा आपल्या घरी आला, तर तिच्याकडे तेवढीच एक जागा पुढच्या जखमी जनावरासाठी मोकळी होते. ट्रायल शेवटी फसली तरी हा फायदा झालेलाच असतो.

पहिले तीन दिवस

कुत्रा सांभाळणाऱ्यांमध्ये तीन-तीन-तीनचा ठोकताळा सांगतात. तीन दिवस भेदरलेपणाचे, तीन आठवडे घराची रीत समजायला, तीन महिने घर आपलं वाटायला. हा प्रयोगशाळेतला नियम नाही, अनुभवाचा आडाखा आहे, आणि प्रत्येक कुत्रा तो पाळेलच असं नाही. तरी त्यातला पहिला आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याने गाड्या, पाऊस, दगड सगळं पाहिलेलं असतं. पण गुळगुळीत टाइल्स पाहिलेल्या नसतात. कुकरची शिट्टी, मिक्सर, डोअरबेल, आरशातला कुत्रा, आपोआप सरकणारा लिफ्टचा दरवाजा हे सगळं त्याला नवं. म्हणून पहिले तीन दिवस पाहुण्यांना बोलावू नये, आंघोळ घालू नये, बागेत मिरवायला नेऊ नये. एक कोपरा, जुनी चादर, पाण्याचं भांडं आणि फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून एखादी सतरंजी एवढं पुरतं. आधीच्या ठिकाणी तो जे खात होता तेच द्यावं. आपल्याला हवं ते अन्न सुरू करायचं असेल तर आठवड्याभरात थोडं थोडं मिसळत जावं. कौतुकाने दिलेल्या वाटीभर दुधाने बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना जुलाब होतात. कांदा, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट तर विषासारखंच.

सगळ्यात मोठा धोका पळून जाण्याचा. नवा कुत्रा फटाक्याला, ढोलाला, नुसत्या स्कूटरच्या फायरिंगला बिचकून पट्ट्यातून मान सोडवतो आणि सुसाट सुटतो. नवा परिसर, घराचा वास अजून ओळखीचा नाही, त्यामुळे परत यायला खूण नसते. म्हणून पहिले काही दिवस गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस, दोन्हींना दोरी, आणि पट्ट्यावर फोन नंबर लिहिलेला बिल्ला. घराचा दरवाजा उघडण्याआधी कुत्रा कुठे आहे हे बघण्याची सवय मोलकरणीपासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळ्यांच्या संदर्भात लावून घ्यावी. गणपतीत किंवा दिवाळीच्या तोंडावर ट्रायल सुरू करू नये हे उघड आहे, पण सुट्टी तेव्हाच असते म्हणून नेमकं तेच केलं जातं.

लळा लावण्याची घाई तर सगळ्यांनाच असते. भद्रा यांच्याच गटाने २०१७ साली बंगालमधल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात अनोळखी माणसावर विश्वास बसण्यासाठी पुन्हा पुन्हा जादा खाऊ देण्यापेक्षा पुन्हा पुन्हा हात फिरवणं जास्त उपयोगी पडलं. आपली देशी कुत्री माणसाच्या स्पर्शाला भुकेलेली असतात, हे त्यातून दिसतं. पण हात फिरवू देण्याचा निर्णय कुत्र्याने घ्यायचा असतो. जमिनीवर, तिरकं बसावं, हात खाली ठेवावा, त्याला येऊ द्यावं. तो वारंवार जांभया देतो, ओठ चाटतो, मान फिरवतो, डोळ्यांची पांढरी कड दिसू लागते, तेव्हा तो ‘आत्ता नको’ म्हणत असतो. गुरगुरणं ही त्याच्या पुढची पायरी. गुरगुरल्याबद्दल त्याला ओरडलं तर तो गुरगुरणं सोडतो आणि पुढच्या वेळी न सांगता चावतो. लहान मुलांना मिठी मारण्याची आणि जेवत्या थाळीत हात घालण्याची पूर्ण बंदी हवी. चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन लगेच डॉक्टरांकडे जायचं आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. त्याचं लसीकरण झालंय म्हणून हे टाळू नये.

पंधरा दिवसांत काय कळतं?

ओहायोमध्ये ९९ दत्तक कुत्र्यांवर झालेला, २०२३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास ट्रायल घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. कुत्रा घरी आल्यावर ७, ३०, ९० आणि १८० दिवसांनी नव्या मालकांकडून प्रश्नावली भरून घेतली. दिवस गेले तसं एकटं राहण्याचा त्रास आणि मालकाला चिकटून राहणं कमी होत गेलं. अनोळखी माणसांवर भुंकणं-धावणं आणि शिकवायला अवघड जाणं मात्र वाढलं. कारण उघड आहे. घर आपलं वाटू लागलं की कुत्रा ते राखू लागतो. तरीही सहा महिन्यांनी दहातल्या नऊहून अधिक मालकांनी कुत्र्याचं वागणं चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं.

याचा अर्थ असा, की पहिल्या पंधरा दिवसांतल्या तक्रारींपैकी काही आपोआप विरतात, आणि पहिल्या पंधरा दिवसांतली काही शांतताही विरते. सोफ्याखाली बसून राहणारा ‘गुणी’ कुत्रा गुणी असेल, घाबरलेला असेल किंवा त्याला ताप असेल. महाराष्ट्रात गोचीड चावून होणारा टिक फिव्हर सर्रास आढळतो, आणि त्याची लक्षणं मरगळ आणि न खाणं हीच. म्हणून ट्रायलच्या पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवावं, रक्त तपासून घ्यावं. घरात आधीचा कुत्रा असेल तर नव्याला दोन आठवडे वेगळं ठेवणं हिताचं. पार्व्होची लक्षणं संसर्गानंतर साधारण आठवड्याभरात, पण कधी दोन आठवड्यांनी दिसतात, आणि हा विषाणू घरात, अंगणात कित्येक महिने टिकतो.

मग या काळात बघायचं काय? ज्या गोष्टी काळ गेल्याने सुटणार नाहीत त्या.

एक, एकटेपणाचं गणित. बरेच लोक ट्रायलसाठी आठवडाभर रजा घेतात, चोवीस तास कुत्र्यासोबत राहतात आणि सोमवारी सगळे एकदम नाहीसे होतात. कुत्र्याचा धीर सुटणारच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, तासभर असं बाहेर पडावं आणि जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून जावं. तो अर्ध्या तासाने झोपतो की दार खरवडत राहतो, हे त्यात दिसतं. आपला नेहमीचा दिवस ट्रायलमध्ये निदान दोन-तीनदा तरी जसाच्या तसा जगून बघायला हवा. दिवसाचे दहा तास घर रिकामं असेल आणि मधे यायला कुणी नसेल, तर हा प्रश्न कुत्रा बदलून सुटत नाही.

दोन, शी-शूच्या फेऱ्या. मोठ्या देशी कुत्र्याला झोपायच्या जागी घाण करणं सहसा आवडत नाही, त्यामुळे तो तासन्‌तास रोखून धरतो. त्याला दिवसातून तीन-चारदा खाली न्यावं लागतं, जुलैच्या पावसातही, लिफ्ट बंद असली तरीही. पिल्लाला तर सुरुवातीला जेवल्यावर, झोपेतून उठल्यावर आणि खेळल्यावर दर वेळी न्यावं लागतं. पहाटेची फेरी कोण करणार, हे घरात पहिल्या दिवशी सगळे उत्साहाने सांगतात. बाराव्या दिवशी प्रत्यक्षात कोण उठतंय ते बघावं.

तीन, घरातल्या माणसांची तब्येत आणि संमती. केसांची अ‍ॅलर्जी, दमा हे काही दिवसांतच कळून येतं. एखाद्या सासूबाई तोंडाने ‘चालेल’ म्हणतात आणि देवघराच्या खोलीचं दार दिवसभर लावून घेतात. हा नकार आहे. तो ऐकू आला पाहिजे. ज्याला दुपारी घरी राहून कुत्रा सांभाळावा लागणार आहे त्याच्या मताचं वजन बाकीच्यांच्या मतांहून जास्त धरावं.

चार, घरातली दुसरी जनावरं. कुत्र्याकुत्र्यांची ओळख घरात नव्हे, बाहेर, मोकळ्या जागी, शेजारी शेजारी चालवत करून द्यावी. मांजर असेल तर मधे जाळी किंवा दार ठेवून. रोखून बघत राहणारा, खाऊ दाखवला तरी मांजरावरून नजर न हटवणारा कुत्रा त्या घरासाठी बरा नाही.

पाच, खर्च. लसी, जंतांचं औषध, गोचिडांचं औषध, खाणं आणि सुट्टीवर जाताना बोर्डिंग यांचा हिशेब ट्रायलमध्येच कागदावर मांडावा. देशी कुत्रा काटक असतो म्हणून फुकट जगत नाही.

कागदावर काय असावं

ट्रायल तोंडी ठरवू नये. एका पानाचा करार दोन्ही बाजूंना सोयीचा. त्यात मुदत असावी. ट्रायलच्या काळात कुत्र्याची जबाबदारी मूळ संस्थेकडे की आपल्याकडे, औषधपाणी कुणाच्या खर्चाने, रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा, हे स्पष्ट असावं. सर्वांत महत्त्वाचं कलम म्हणजे नाही जमलं तर कुत्रा फक्त त्यांच्याकडेच परत जाईल. मित्राला, वॉचमनला, गावाकडच्या भावाला परस्पर द्यायचा नाही. लसीकरणाचं कार्ड आणि नसबंदीची नोंद सोबत मागून घ्यावी. संस्था ओळखपत्र मागते, घर बघायला येते, खिडक्यांना जाळ्या आहेत का विचारते, तेव्हा राग मानू नये. काहीच न विचारता कुत्रा हातात देणाऱ्यापासून सावध राहावं.

कायद्याचं बोलायचं तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे, त्यामुळे त्याचा धाक किती हे वेगळं सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटकी कुत्री दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांना महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली, आणि असा कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली. म्हणजे ‘जिथून आणला तिथेच सोडून आलो’ हे उत्तर इथे चालणार नाही. परतीची जागा आधीच ठरलेली असणं त्यासाठीही गरजेचं.

सोसायटीची भीती बऱ्याच जणांना वाटते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या परिपत्रकानुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. लिफ्ट वापरू न देणं किंवा त्यासाठी वेगळे पैसे घेणंही त्यात बसत नाही. पण पाळणाऱ्यानेही सामायिक जागेत कुत्रा दोरीवर ठेवावा, घाण उचलावी. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी ट्रायलआधीच घरमालकाशी बोलून घ्यावं. कायदा बाजूने असला तरी शेजाऱ्यांशी रोज लिफ्टमध्ये गाठ पडते. कुत्रा आणण्याआधी वर-खालच्या दोन घरांना ‘पंधरा दिवस बघतोय, त्रास झाला तर सांगा’ एवढं कळवलं, तर पुढच्या निम्म्या तक्रारी दारावर येऊन बोलण्यावरच मिटतात.

परत द्यावा लागला तर

परत देणं वाईट वाटण्यासारखंच आहे. पण ट्रायलचा करार त्यासाठीच असतो. परत देताना दोन गोष्टी कराव्यात. शक्य असेल तर दुसरी सोय होईपर्यंत चार-आठ दिवस थांबावं, मध्यरात्री फोन करून ‘आत्ताच्या आत्ता घेऊन जा’ म्हणू नये. आणि एक पान लिहून द्यावं. काय खातो, कशाला घाबरतो, एकटा किती वेळ राहतो, लहान मुलांशी कसा वागतो, गाडीत ओकतो का, रात्री झोपतो का. ‘आमच्याशी नाही जमलं’ एवढ्याने पुढच्या घराला काही कळत नाही. ‘लिफ्टला फार घाबरतो, पण आजोबांच्या पायाशी तासन्‌तास बसतो’ असं लिहिलं, तर संस्था त्याला तळमजल्यावरचं, घरात म्हातारं माणूस असलेलं घर शोधून देऊ शकते. पिंजऱ्यासमोर उभं राहून जी माहिती कधीच मिळाली नसती ती आपल्या घराने मिळवलेली असते.

पंधराव्या दिवशी उत्तरं तीनच असतात. हो, नाही, किंवा अजून वेळ हवा. तिसरं उत्तर द्यायला संकोचू नये. कुत्र्याचं अजून कळायचं असेल तर संस्था सहसा मुदत वाढवून देतात. पण घराचं कळलेलं असेल आणि उत्तर ‘नाही’ असेल, तर मुदत वाढवून कुत्र्याचा लळा आणि आपला अपराधीपणा यांशिवाय काही वाढत नाही.

आणि उत्तर ‘हो’ असेल, तर दत्तकपत्रावर सही करण्याआधी लसीकरणाचं कार्ड उघडून पुढच्या डोसाची तारीख बघावी. त्या दिवशी याला डॉक्टरांकडे कोण नेणार, हे घरात मोठ्याने विचारावं. एकाच वेळी दोघं-तिघं ‘मी’ म्हणाले तरी चालेल, एकानेही म्हटलं तरी चालेल. सगळे एकमेकांकडे बघू लागले, तर मात्र सही त्या दिवशी करू नये.